चित्राची पाठ

चार वर्षांपूर्वी मुंबईत, जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मला एक रंगीत छापचित्र मिळालं. समुद्रावर धुराचे लोट, त्यात चिलखती युद्धनौका आणि पार कडेला रेघेएवढं शहर: अलेक्झांड्रिया, ११ जुलै १८८२. "अस्सल शिळाछाप, रंगही तेव्हाचेच," दुकानदार म्हणाला. मी पैसे मोजले आणि तडक फ्रेमवाल्याकडे गेलो.

घात तिथे झाला. चौकटीत बसावं म्हणून त्याने चारी बाजूंचा समास कापला आणि पाठीला सरस फासून चित्र हार्डबोर्डवर चिकटवलं. त्याने विचारलं होतं. "चालेल" म्हणालो तो मीच. पहिल्याच पावसाळ्यात कागदावर तपकिरी ठिपके उमटले.

कागदसंवर्धन करणाऱ्या एका बाईंनी माझ्या हातात भिंग दिलं. चित्रातून केसाएवढ्या सरळ पांढऱ्या रेघा गेलेल्या दिसल्या. सचित्र साप्ताहिकांना बॉक्सवुड लाकडाचा मोठा ठोकळा मिळत नसे, म्हणून लहान तुकडे बोल्टांनी जोडून त्यांवर चित्र कोरत. घाई असली की तुकडे वेगवेगळ्या कारागिरांना वाटून देत. त्या सांध्यांच्या या खुणा. म्हणजे हे शिळाछाप नव्हे, साप्ताहिकाचं पान. रंग कुणीतरी मागाहून भरलेला; एका जहाजाचा तांबडा पट्टा रेघ ओलांडून पाण्यात उतरला होता.

साप्ताहिकाचं नाव आणि तारीख समासाबरोबर गेली. पाठीवरचा मजकूर सरसाखाली गेला, आणि याचीच हळहळ मला सर्वांत जास्त आहे. सेमूर या ब्रिटिश अ‍ॅडमिरलच्या आठ चिलखती नौकांनी चित्रातल्या त्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावरच्या किल्ल्यांवर तोफा डागल्या. पाठोपाठ शहरात आगी लागल्या, मोठा भाग जळाला, माणसं जीव घेऊन पळाली. चित्रात त्यांतलं एकही माणूस नाही. पाठीवर त्यांच्याबद्दल काही छापलं असेल, तर ते न वाचताच मी चिकटवू दिलं.

म्हणून सांगतो, असं चित्र घेण्याआधी पाठ बघायला मागा. चौकटीत असेल तर उघडायला लावा. दुकानदार नाही म्हणाला तर सोडून द्या. भिंगाखाली ठिपक्यांच्या एकसारख्या रांगा दिसल्या, तर ती पुढच्या काळातली यांत्रिक प्रत समजा. समासाला कात्री लावू देऊ नका. चित्र अ‍ॅसिडमुक्त पुठ्ठ्यावर, फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून टांगा. काच कागदाला टेकता कामा नये. उन्हाची किंवा ओल येणारी भिंत नको.

बाई आता ओलाव्याने सरस मऊ करून कागद इंच-इंच सोडवताहेत. डाव्या कोपऱ्यातल्या तीन ओळी मोकळ्या झाल्या आहेत.