चुकारा येईपर्यंत

सालेकसा

चि. बाळू,

नागपूरची नोकरी सोडून या खरिपात तू बांधीत उतरतोयस, हे ताईकडून कळलं. आनंद झाला आणि काळजीही वाटली. चिखलात राबायला तू कचरणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण आपल्याकडे शेतकऱ्याचा खरा कस धान चुरून झाल्यावर लागतो, म्हणून हे लिहितो.

दिवाळीच्या सुमारास हलकं धान घरात येतं. त्याच वेळी कापणीची मजुरी, मळणीयंत्राचं भाडं आणि कृषी केंद्राची उधारी दारात उभी राहते. मंडईच्या जत्रेचे पाहुणे वेगळेच. घरात धान, पण हातात रुपया नाही. 2025-26 साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये ठरला होता, पण असा भाव आधारभूत खरेदी केंद्रावर मिळतो. केंद्र कधी उशिरा सुरू होतं, कधी बारदाना नसतो, विकलेल्या धानाच्या पैशांची, म्हणजे चुकाऱ्याची, तर वाटच पाहावी लागते. व्यापारी भाव पाडतो, पण रोख मोजतो. अडलेला माणूस तिथेच विकतो. वर्षभराचा घाम त्या एका संध्याकाळी स्वस्तात जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

तू असं कर. उंच बांध्यांत हलकं धान लाव आणि गरज पडलीच तर तेवढंच विकून देणी भागव. खोलगट बांध्यांतलं उशिरा येणारं भारी धान केंद्रासाठी राखून ठेव. पीककर्ज सोसायटीतून किंवा बँकेतूनच काढ. मुदतीत फेडलं तर 3 लाखांपर्यंत व्याज पडत नाही. औषध उधारीवर आणू नकोस, उधारीत भाव विचारायची सोय राहत नाही. आणि फवारण्याआधी बुंध्याशी वाकून बघ. तुडतुडा वरून दिसत नाही.

ई-पीक पाहणी स्वतः बांधीत उभं राहून कर. सातबाऱ्यावर धान दिसलं नाही, तर केंद्रावरची नोंदणी अडते. ओलावा 17 टक्क्यांच्या वर गेला की माल नाकारतात, म्हणून चुरल्याबरोबर पोती शिवू नकोस. उन्हात पसर, दाणा दाताखाली धरून पाहा. कट्‌कन तुटला तर भर. चेपला तर अजून ऊन दाखव.

रोवणीच्या बायांना आत्ताच सांगून ठेव. पाऊस लागला की साऱ्या गावाला त्या एकाच वेळी हव्या असतात. त्यांची मजुरी मात्र हातोहात दे, त्यांची चूल आपल्या चुकाऱ्यासाठी थांबत नाही.

तुझा,
मामा