ज्याची नोकरी जाते, त्याच्यासाठी लिही

चि. सोनूस,



तुमच्याकडे कपात ठरली आहे आणि लोकांना ती कळवायचा मसुदा तुझ्याकडे आला आहे, हे फोनवर ऐकलं. घाईघाईने बोलावं असा हा विषय नव्हता, म्हणून सावकाश लिहिते आहे. कामगार कल्याण अधिकारी म्हणून कारखान्यात माझा जन्म गेला, कपातीच्या याद्या माझ्याही हातातून गेल्या आहेत. त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. हे पत्र ज्याची नोकरी जाणार आहे, त्याच्यासाठी असतं. संचालक, वकील, शेअर बाजार या सगळ्यांची सोय त्यानंतर. एवढं ठरवलंस, की आधी काय लिहायचं, सही कोणाची घ्यायची, नंतर काय करायचं, हे सुचत जाईल.

पहिली गोष्ट, मूळ बातमी लपवू नकोस. नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतल्यावर मायक्रोसॉफ्टने जुलै २०१४ मध्ये कपात जाहीर केली. त्या विभागाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी लोकांना लांबलचक मेल पाठवला. मोकळंढाकळं अभिवादन, मग कंपनीचं धोरण, मग कोणते फोन कसे विकायचे याचं विवेचन, आणि सुमारे १२,५०० नोकऱ्या जाणार हे वाक्य थेट अकराव्या परिच्छेदात! ज्याच्या घरी हप्ते चालू आहेत, त्याने दहा परिच्छेद कोणत्या मनाने वाचायचे? तुझ्या मसुद्यात पहिल्या दोन वाक्यांत हे आलं पाहिजे, की कंपनी इतके लोक कमी करते आहे आणि त्यात तुम्ही आहात. कारण त्यानंतर, आणि तेही खरं. ‘पुनर्रचना’, ‘नव्या प्रवासाची सुरुवात’ असले शब्द गाळ. कंपनीचा अंदाज चुकून जास्त भरती झाली असेल, तर तसं लिही. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्ट्राइप कंपनीचे प्रमुख पॅट्रिक कॉलिसन यांनी १४ टक्के लोक कमी करताना ही चूक आपलीच असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. अशाने कंपनी लहान होत नाही. जाणाऱ्याला मात्र कळतं, की आपण कामात कमी पडलो नव्हतो.

दुसरी गोष्ट, ज्याने निर्णय घेतला, त्यानेच तो सांगावा, आणि समोरासमोर. १ डिसेंबर २०२१ रोजी बेटर डॉट कॉम कंपनीचे प्रमुख विशाल गर्ग यांनी सुमारे ९०० जणांना एका झूम कॉलवर घेतलं आणि तीन मिनिटांच्या आत सगळ्यांच्या नोकऱ्या संपवल्या. त्यात भारतातलेही लोक होते. पुढच्या मार्चमध्ये ब्रिटनच्या पी अँड ओ फेरीजने सुमारे ८०० खलाशांना आधीच चित्रित केलेला व्हिडिओ दाखवला, की आज तुमचा शेवटचा दिवस. कायद्याने युनियनशी चर्चा बंधनकारक असताना ती जाणूनबुजून टाळली, हे त्यांच्या प्रमुखाने आठवड्याभरात खासदारांपुढे कबूल केलं. ट्विटरने २०२२ मध्येच निम्मी माणसं काढली, तेव्हा मेलखाली कोणा माणसाचं नावच नव्हतं, फक्त कंपनीचं. तिन्हीकडे ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारायची सोय नव्हती. तुमच्या साहेबांना सांग, की सही त्यांचीच हवी आणि प्रत्येकाशी समोरासमोर बोलणं व्हायलाच हवं.

हे जमत नाही असं कोणी म्हणालं, तर त्यांना एअरबीएनबीचं उदाहरण दे. मे २०२० मध्ये, करोनाने पर्यटन बंद पाडलेलं असताना, कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी साडेसात हजारांपैकी सुमारे १,९०० जणांना कमी केलं. पत्र त्यांच्याच नावाने गेलं. माणसं कशी निवडली, हातात काय पडणार, हे त्यात होतं. अमेरिकेतल्या लोकांना किमान १४ आठवड्यांचा पगार आणि वर्षभराचा आरोग्य विमा मिळाला. शक्य तिथे जाणाऱ्याची त्याच्या विभागातल्या वरिष्ठाशी स्वतंत्र भेट ठरवली. कंपनीच्या भरती विभागातल्या काही लोकांना जाणाऱ्यांसाठी दुसऱ्या नोकऱ्या शोधायच्या कामाला लावलं. नोकऱ्या तिथेही गेल्याच. पण माणसांना माणसासारखं वागवलं गेलं.

तिसरी गोष्ट मी सर्वांत कळकळीने सांगते. कोणाकडूनही जबरदस्तीने राजीनामा लिहून घेऊ नकोस. २०१७ मध्ये टेक महिंद्राच्या एका कर्मचाऱ्याला फोनवर, उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा दे, असं सांगितल्याचं रेकॉर्डिंग देशभर फिरलं आणि खुद्द आनंद महिंद्रांनी जाहीर माफी मागितली. ते रेकॉर्डिंग बाहेर आलं म्हणून गाजलं. बंद केबिनमधली अशी किती बोलणी कोणाला कळतच नाहीत. कामगाराला कमी करताना महिन्याची नोटीस आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, ही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली तरतूद नव्या कामगार संहितेतही आहे. राजीनाम्यावर सही झाली, की हा हक्क सांगणं अवघड होऊन बसतं. तुमच्याकडचे मॅनेजर ‘कामगार’ या व्याख्येत बसतात की नाही, यावर वकील वाद घालतील. घालू देत. तू कायद्यातली तरतूद ही किमान पातळी मान, तिच्या खाली उतरू नकोस.

आता समोर बसशील तेव्हाचं. सांगून झालं की गप्प राहा. ‘मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय’ असं म्हणू नकोस. तुझं सांत्वन करायचं ओझं त्याच्यावर कशाला? माझा अनुभव असा, की पहिला धक्का ओसरला की माणूस अगदी रोकडे प्रश्न विचारतो. या महिन्याचा पगार होईल का? ग्रॅच्युइटी किती? पीएफचं काय? आईचं ऑपरेशन ठरलंय, कंपनीचा विमा कधीपर्यंत चालेल? रिलिव्हिंग लेटरवर काय लिहिणार? या प्रत्येकाचं उत्तर, रक्कम आणि तारखेसह, त्याच्या नावाच्या कागदावर तयार असायला हवं. घरी गेल्यावर बायको-मुलांना काय सांगायचं, ते त्या कागदामुळे ठरतं. तुमच्या अमेरिकेतल्या ऑफिसात एच-वन-बी व्हिसावर असलेली मुलं असतील, तर नोकरी सुटल्यावर त्यांना नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यांच्यासाठी शेवटची तारीख दोन-चार आठवडे पुढे ढकलणं, हे कितीतरी गोड शब्दांपेक्षा मोलाचं आहे.

आणि निरोप घेऊ दे. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० माणसं कमी केली, तेव्हा अमेरिकेत कित्येकांना पहाटे लॉग-इन बंद झाल्यावरच काय झालं ते समजलं. त्याआधी दोनच महिने मेटाने कपात करताना गोपनीय माहितीचे दरवाजे बंद केले, पण मेल दिवसभर चालू ठेवला, सहकाऱ्यांना चार शब्द लिहिता यावेत म्हणून. सुरक्षा आणि सभ्यता दोन्ही सांभाळता येतात, हे आयटीवाल्यांना दाखवून दे.

राहणाऱ्यांनाही त्याच दिवशी सगळं सांगा. कोलंबिया विद्यापीठातले जोएल ब्रॉकनर यांनी कपातीतून वाचलेल्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला; जाणाऱ्यांना न्यायाने वागवलं की नाही, हे मागे राहिलेले पाहतात आणि त्यावरून कंपनीवर किती विश्वास टाकायचा ते ठरवतात, हे त्यातून दिसलं. आणखी कपात होणार नाही, असं वचन मात्र देऊ नकोस. ते पाळणं तुझ्या हातात नाही.

तुझं सगळंच ऐकलं जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पगार किती द्यायचा, यादीत कोण, हे तू ठरवत नाहीस. पण खोटं कारण लिहायला आणि राजीनामा उकळायला ‘नाही’ म्हणणं तुझ्या हातात आहे. ते तोंडी नको, आजच मेलवर लेखी कळव, म्हणजे ऐन वेळी कोणी तुझ्यावर ढकलणार नाही. मसुदा झाला की मोठ्याने वाच, ज्याला तो जाणार आहे तो समोर बसला आहे असं समजून. जे वाक्य त्याच्या डोळ्यांत बघून म्हणता येणार नाही, ते खोडून टाक आणि खरं काय ते लिही.

तुझी,
आत्या