मांजर आणि शिंका

कापूस निघाला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघर कापूस भरून ठेवतात. शेजारीच ज्वारीची, तुरीची पोती असतात. तिथं उंदीर येतात. उंदरांमागं साप येतो. म्हणून घरात मांजर हवंच.

पण कुणाकुणाला मांजराचं वावडं असतं. मांजर जवळ आलं की शिंका सुरू होतात. नाक गळतं. डोळे खाजतात, लाल होतात. कुणाची छाती भरते. श्वास घेताना छाती वाजते. डॉक्टर याला ॲलर्जी म्हणतात.

कुणी म्हणतात, “मांजराचा केस पोटात गेला, म्हणून दमा झाला.” तसं नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक पदार्थ असतो. त्याचं हे वावडं. मांजर अंग चाटतं. लाळ केसांवर वाळते. तिचे बारीक कण हवेत उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. गोधडीत, कपड्यांत जाऊन बसतात.

मग मांजर लगेच हाकलायचं का? आधी नीट पाहा. शिंका धुळीनं येतात. गाजरगवतानंही येतात. मांजराला घेतल्यावर त्रास वाढतो का? परगावी गेल्यावर कमी होतो का? हे डॉक्टरांना सांगा.

मांजराचंच वावडं ठरलं, तर असं करा :

१. मांजराला अंथरुणावर येऊ देऊ नका. त्याचं पोतं ओसरीत किंवा गोठ्यात टाका.

२. मांजराला हात लावला की साबणानं हात धुवा. तोवर डोळे चोळू नका.

३. कोरडं झाडलं की कण उडतात. आधी पाणी शिंपडा, मग झाडा. फरशी असेल तर ओल्या फडक्यानं पुसा.

४. पांघरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा.

५. त्रास नसलेल्या माणसानं मांजराचं अंग अंगणात ओल्या फडक्यानं पुसावं.

लेकराची छाती वाजत असेल, तर नुसत्या काढ्यावर राहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. डॉक्टर ओढायचा पंप देतील. “पंपाची सवय लागते” म्हणून लोक भितात. पण पंपाचं व्यसन लागत नाही. औषध थेट छातीत जातं, म्हणून थोडंच पुरतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करू नका.

लेकराला बोलता येईना, ओठ निळे पडले, तर थांबू नका. १०८ नंबरला फोन करा.

एवढं करूनही दमा आवरत नसेल, तर मांजर दुसऱ्या घरी द्या. दाणे पत्र्याच्या कोठीत ठेवा. पत्रा उंदराला कुरतडता येत नाही. मांजर गेल्यावरही ते कण घरात काही महिने राहतात. म्हणून धुणं-पुसणं चालूच ठेवा. दाण्याला कोठी मिळते. लेकराच्या श्वासाला दुसरं काही मिळत नाही.

वाचा आणि सांगा
१. वावडं कशाचं असतं? केसाचं की लाळेचं?
२. झाडण्याआधी पाणी का शिंपडावं?
३. तुमच्या घरी मांजर कुठं निजतं?