इंजिनाची होडी संथ चालीत का भरकटते?



शेतीच्या मासिकात होडीवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी राहणाऱ्यांना मात्र तो पडणार नाही. सुमारे १०५ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाने कोयनेचे खोरे दोन काठांत विभागले आहे. तापोळा, बामणोली आणि समोरच्या कांदाटी खोऱ्यातील गावांना बाजार, दवाखाना, शाळा, बी-बियाणे यांपैकी कशासाठी ना कशासाठी पाणी ओलांडावेच लागते. वासोट्याला जाणारे पर्यटकही बामणोलीहून होडीनेच जातात आणि त्यातून काठावरच्या अनेक कुटुंबांना जोडधंदा मिळाला आहे.

सांगलीकडची गरज वेगळी आहे. तेथे होडी लागते ती पुरात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी होडी उलटून दहाहून अधिक माणसे दगावली. अशा अपघाताची कारणे अनेक असतात आणि त्यांची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु तेव्हापासून नदीकाठच्या गावांत इंजिनाच्या होड्या ठेवण्याकडे कल वाढला आहे, आणि त्या चालवणारा बहुधा ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवणारा शेतकरीच असतो. त्याची पहिली तक्रार ठरलेली असते : "गॅस दिला की सरळ जाते, हळू केली की नागमोडी."

ही तक्रार खरी आहे. त्यात होडी बिघडलेली असतेच असे नाही आणि चालवणाराही अडाणी नसतो. कारण समजून घेतले तर उपाय आपोआप सुचतात.

काहिल, होडी आणि पतंगाची शेपूट

पुराच्या वेळी गुऱ्हाळाची काहिल पाण्यात टाकून पलीकडे गेलेली माणसे आपल्या भागात आजही भेटतील. काहिलीत बसलेल्याला ठाऊक असते की ती तरंगते उत्तम, पण तिला पुढे-मागे असे काही नसते. वल्ह्याचा एक फटका मारला की ती पुढे जाण्याऐवजी गोल फिरते. याउलट जुनी लाकडी होडी लांबट व अरुंद, तळाला मधोमध उभा कणा, मागे रुंद सुकाणू. ती एकदा सरळ लागली की सरळच जाऊ पाहते.

आजची फायबरची किंवा पत्र्याची इंजिन लावलेली छोटी होडी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. तिचा तळ रुंद व बहुधा सपाट किंवा उथळ उतरता असतो आणि उभा कणा जवळजवळ नसतो. असा तळ वेगाने पाण्यावर उचलून धावण्यासाठी सोयीचा असतो. वेगात तिचा मागचा भागच पाण्याला घट्ट धरून असतो, पुढचा भाग वर उचललेला असतो, त्यामुळे ती सरळ जाते. वेग कमी केला की पुढचे टोक खाली बसते आणि पाणी कापू लागते. समोरून येणारा पाण्याचा दाब आता टोकावर पडतो. टोक थोडे जरी एका बाजूला कलले, तरी तो दाब त्याला आणखी त्याच बाजूला ढकलतो. मागे धरून ठेवणारे काही नसेल तर होडी वळतच जाते.

पतंगाला शेपूट नसेल तर तो गिरक्या घेतो, हे लहानपणी प्रत्येकाने पाहिले आहे. शेपूट जड म्हणून नव्हे, तर मागे ओढ ठेवते म्हणून पतंग स्थिर राहतो. संथ चालीतील सपाट तळाची होडी म्हणजे शेपूट नसलेला पतंग.

दुसरे कारण सुकाणूचे. बाहेरून मागच्या फळीला लावलेल्या इंजिनाला वेगळे सुकाणू नसते. पंखा पाणी ज्या दिशेला फेकतो त्यावरच होडी वळते. गॅस कमी म्हणजे पाण्याचा झोत कमी आणि वळवण्याची ताकदही कमी. इंजिन न्यूट्रलमध्ये टाकले की ही ताकद संपते; उरतो तो फक्त पाण्यात बुडालेला इंजिनाचा पाय. त्याच्यावर पडणारा पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. म्हणजे ताशी १६ किलोमीटरवरून वेग ४ किलोमीटरवर आणला, तर वेग चौथाई होतो पण हा जोर सोळावा हिस्सा उरतो. वाऱ्याचा जोर मात्र तेवढाच राहतो.

आपण चूक कोठे करतो

ट्रॅक्टरचे स्टिअरिंग फिरवले की चाक जमिनीला धरते आणि ट्रॅक्टर लगेच वळतो. होडीत तसे होत नाही. दांडा फिरवल्यावर क्षणभर, दोन क्षण काहीच घडत नाही. चालवणाऱ्याला वाटते वळण कमी पडले, म्हणून तो आणखी फिरवतो. तेवढ्यात होडी वळू लागते आणि एकदा वळू लागली की आपल्या वजनाच्या जोराने वळतच राहते, कारण पाण्यात ब्रेक नाही. घाबरून तो दांडा पूर्ण उलट फिरवतो. पुन्हा तोच उशीर, पुन्हा तेच. नागमोडीचा निम्मा भाग होडीचा असतो आणि निम्मा आपल्या हाताचा. दांड्याचे इंजिन असल्यास आणखी एक घोळ होतो : दांडा डावीकडे ढकलला की टोक उजवीकडे जाते. नव्या माणसाचा हात घाईत नेमका उलटा चालतो.

उपाय असा. काठावरचे दूरचे एखादे झाड किंवा देवळाचे शिखर धरावे. समोरच्या पाण्याकडे पाहू नये. दांडा थोडासाच हलवावा आणि थांबावे. टोक वळू लागले की ते खुणेवर येण्याआधीच दांडा मधोमध आणावा, आणि लागल्यास अगदी किंचित उलट द्यावा. टोक खुणेच्या दोन्ही बाजूंना थोडे हलत राहणारच. प्रत्येक हालचालीला उत्तर देऊ नये. सरासरी दिशा सरळ असली की पुरे. हे वाचून येत नाही. उघड्या, शांत पाण्यात तासभर सराव केला की हाताला कळते.

न्यूट्रलमध्ये दांडा फिरवून उपयोग नाही. आधी दांडा हव्या त्या दिशेला फिरवावा, मग गिअर टाकून क्षणभर गॅस द्यावा आणि लगेच कमी करावा. अशा छोट्या झटक्याने होडी वळते पण वेग घेत नाही. आधी गॅस आणि मग दिशा असे केले तर होडी आधी सरळ धक्क्यावर जाते, वळते नंतर.

मग वेगच का वाढवू नये, असे कोणी विचारेल. मोकळ्या जलाशयात थोडा वाढवावा. प्रत्येक होडीला एक वेग असतो, चालण्यापेक्षा किंचित जास्त, जेथे ती हाताला येते; तो शोधून ठेवावा. परंतु पुराच्या गल्लीत हे चालत नाही. होडीच्या लाटा भिजलेल्या मातीच्या भिंतींवर आपटतात आणि अशी भिंत केव्हा बसेल याचा भरवसा नसतो. शिवाय पाण्याखाली कुंपण, तारा, उभा ऊस काहीही असू शकते.

वजन कोठे बसते

माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारी वजनाच्या मांडणीने सुटतात, पण तिकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मी एकदा बामणोलीच्या बाजूला वैरणीचे भारे आणि सात-आठ माणसे घेतलेल्या होडीत बसलो होतो. भारे पुढे रचलेले, माणसेही भाऱ्यांना टेकून पुढेच. होडी काठाजवळ येताना अशी हेलकावत गेली की नावाड्याला तीन वेळा मागे घ्यावी लागली. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंनीच सांगितले, "दोन भारं मागं घ्या की रं." घेतले, आणि होडी सरळ लागली.

पुढे वजन झाले की टोक खोल रुतते आणि मागचा भाग हलका होऊन घसरतो. पंखाही वर येऊन हवा ओढतो. म्हणून वजन मध्यावर आणि मध्याच्या किंचित मागे असावे. फार मागे मात्र नको. तसे केले तर टोक वर उचलले जाऊन वाऱ्याला सापडते आणि मागच्या फळीवरून पाणी आत येते. पुरात माणसे घाबरून पुढे गर्दी करतात, कारण उतरायचे पुढूनच असते. होडी काठाला बांधेपर्यंत कोणी उठायचे नाही, हे निघण्यापूर्वीच मोठ्याने सांगावे. होडीवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नये. लाईफ जॅकेट अंगात घातलेले असावे. बुडाखाली घेऊन बसण्यासाठी ते नाही.

तळाशी साचलेले पाणीही वजनच आहे, आणि ते वाईट वजन आहे, कारण होडी कलेल तिकडे ते धावते. आधी ते उपसावे.

इंजिन व त्याची जोडणी

संथ चालीत इंजिनाचा पाय पूर्ण खाली व जवळजवळ उभा असावा. तो वर उचललेला ठेवून चालवण्याची सवय उथळ पाण्यापुरतीच ठीक. पाय खाली घेऊनही टोक रुतत असेल तर कोनाची खीळ एक भोक बाहेर घेऊन पाहावी. मात्र संथ गतीत या कोनाचा परिणाम थोडा, वजन हलवण्याचा जास्त. इंजिन फळीच्या बरोबर मधोमध असावे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला किंवा इंचभर खाली असावी. चाकाचे स्टिअरिंग असल्यास ढिलाई तपासावी. चाक बरेच फिरूनही इंजिन हलत नसेल तर केबल किंवा तिचे जोड झिजले आहेत. अशा होडीत हाताची कितीही कसब असली तरी चाल सरळ येणार नाही.

पंख्यामागे वरच्या बाजूला बोटभर लांबीचा एक छोटा पंख असतो. होडी सतत एकाच बाजूला ओढत असेल तर त्याचा मागचा कोपरा त्याच बाजूला थोडा वळवून बोल्ट घट्ट करावा. हा उपाय वेगात लागू पडतो. संथ नागमोडीवर त्याचा फारसा उपयोग नाही, हे ठाऊक असावे. नाहीतर माणूस दिवसभर तो बोल्टच फिरवत बसतो.

होडी कायमच संथ कामाला वापरायची असेल तर तळाच्या मागच्या भागात मधोमध उभी पट्टी बसवून घेता येते. मात्र ती पंख्याच्या अगदी पुढ्यापर्यंत आणू नये, फूट-दीड फूट आधीच संपवावी. अन्यथा तिच्यामागचे हवामिश्रित पाणी पंख्यात जाते व इंजिन नुसते ओरडते. काम होडी बांधणाऱ्याकडूनच करून घ्यावे, घरी भोके पाडू नयेत.

तात्पुरता उपाय म्हणजे पतंगाची शेपूट. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना दोरी बांधून त्या मध्यावर एक छोटी बादली पाण्यात ओढत न्यावी. होडी जड चालते, पण सरळ चालते. दोरी पंख्यापासून दूर राहील इतकी लांब असावी, तिच्यावर एकाने लक्ष ठेवावे आणि उलटा गिअर टाकण्यापूर्वी बादली वर घ्यावी. जलपर्णी किंवा पुराचा कचरा असलेल्या पाण्यात हा प्रयोग अजिबात करू नये.

वारा, प्रवाह आणि काठाला लागणे

होडीचे टोक हलके व उंच, मागचा भाग इंजिनाने धरलेला. म्हणून आडव्या वाऱ्यात टोकच आधी वाहते. शक्य तेथे काठाला लागताना वाऱ्याच्या तोंडावर यावे.

नदीत हाच नियम प्रवाहाला लावावा, आणि येथे हिशेब ध्यानात घेण्याजोगा आहे. समजा कृष्णेचा प्रवाह ताशी ५ किलोमीटर आहे आणि होडी पाण्यात ५ च्याच गतीने चालते. प्रवाहाबरोबर गेल्यास काठाच्या हिशेबाने ती १० च्या गतीने धडकेल. प्रवाहाच्या विरुद्ध तोंड केल्यास ती काठाशी जागच्या जागी उभी राहील. तरीही पंखा जोराने चालू असल्याने दांड्याला पूर्ण ताकद असेल. आता टोक किंचित काठाकडे केले की होडी आडवी सरकत काठाला लागते. म्हणून उतार नेहमी प्रवाहाकडे तोंड करून घ्यावा. खाली जायचे असेल तरी आधी पुढे जाऊन, मोकळ्या पाण्यात वळून, वर तोंड करून यावे.

वळताना होडी मोटारीसारखी पुढच्या चाकांवर वळत नाही. ती मध्याच्या थोड्या पुढच्या बिंदूभोवती फिरते आणि मागचा भाग उलट बाजूला फेकला जातो. धक्क्यावरून निघताना टोक झटकन बाहेर काढले की इंजिन धक्क्यावर आपटते ते यामुळे. गल्लीत विजेचा खांब चुकवताना टोक सुटते, पण मागे बसलेल्याचा हात सापडतो. हात आत ठेवायला सांगावे.

पंख्यात वेल, दोरी किंवा पाचट अडकल्यास होडी अचानक एका बाजूला ओढू लागते व इंजिनाचा आवाज बदलतो. इंजिन बंद करावे, पाय वर उचलावा, मगच हात घालावा. तेवढ्या वेळेत होडी वाहू नये म्हणून वल्ही आणि दोरीसह नांगर नेहमी हाताशी असावा. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेलीच असावी.

ज्या गावांत होडी वर्षभर शेडमध्ये उभी असते त्यांनी मे महिन्यातच ती बाहेर काढावी. जुने पेट्रोल काढून टाकावे, केबलला ग्रीस द्यावे. मग माणसांऐवजी वाळूची पोती भरून धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या शांत पाण्यात ती चालवून पाहावी. पोती आधी पुढे, मग मध्ये, मग थोडी मागे ठेवून पाहावी. ज्या मांडणीत होडी संथ चालीत सर्वांत सरळ जाते, त्या वेळी पाणी बाहेरून कोठपर्यंत आले आहे तेथे पुढे व मागे दोन्हीकडे रंगाची रेघ ओढून ठेवावी. पुराच्या दिवशी होडी कोण चालवील हे सांगता येत नाही. रेघ मात्र कोणालाही दिसते.