सीडी रायटर आणि ड्रायव्हरचा शोध

नवी मुंबईलगतच्या पनवेल व उरण तालुक्यांतील ज्या शाळांत जुना संगणक असेल, तेथील शिक्षकबंधुभगिनींनी त्यातील निकालपत्रके व मुलांची छायाचित्रे वेळीच सीडीवर उतरवून ठेवावीत. यंत्र कायमचे बंद पडल्यावर हळहळून उपयोग नाही.

अशा वेळी सीडी रायटर चालेनासा झाला, की ड्रायव्हरची शोधाशोध सुरू होते. ड्रायव्हर म्हणजे संगणक व उपकरण यांमधील दुभाषा होय. डॉसच्या काळी तो निराळा बसवावा लागे. विंडोज ९५ पासून सर्वसाधारण सीडी ड्राइव्हपुरता तो विंडोजमध्येच असतो. म्हणून पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. वीज तोडून आतील केबल घट्ट बसल्या आहेत का, ते पाहावे.

२. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हपुढे पिवळी खूण असल्यास ती नोंद काढून संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज ती नोंद आपणहून पुन्हा करते.

३. सीडी वाचता येते, पण लिहिता येत नाही, असे असल्यास दोष बहुधा ड्रायव्हरचा नसतो. २००१ सालची विंडोज एक्सपी स्वतः केवळ सीडी लिहिते. डीव्हीडीसाठी निराळे सॉफ्टवेअर लागते.

अनोळखी संकेतस्थळावरील ड्रायव्हर मात्र उतरवू नये. त्यासोबत व्हायरस येण्याचा धोका असतो. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती तर ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबली आहे.

ही तपासणी मुलांसमोर करावी. लक्षणावरून कारण शोधणे, हाही विज्ञानाचा पाठच आहे.