शिल्पातलं शरीर: वजन कुठे आहे?

शिल्प समोर आलं की आपण आधी चेहरा पाहतो. माझी ही सवय चर्चमधल्या मूर्तींनी पक्की केली: गुळगुळीत प्लास्टर, गुलाबी गाल, वर वळलेले डोळे. आधुनिक शिल्पात चेहरा कधी कधी नावापुरताच असतो, मग आपण ‘काही कळलं नाही बुवा’ म्हणत पुढे सरकतो. म्हणून दोन शिल्पं शेजारी ठेवून बघू या. मीही ती फोटोंतूनच अभ्यासली आहेत.

पहिलं गणपतराव म्हात्रे यांचं ‘मंदिरपथगामिनी’. साल १८९६च्या सुमाराचं, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं. म्हात्रे तेव्हा विशीच्या आसपास, म्हणजे आपल्याच वयाचे! नऊवारीतली तरुणी देवळाकडे निघाली आहे, माध्यम प्लास्टर. रवींद्रनाथ टागोरांनी या शिल्पावर बंगालीत कौतुकाचा लेख लिहिला. यात चेहऱ्यापेक्षा साडी बघा. सुरतेत आपण साडी घडी घातलेली, बंडलात बांधलेली बघतो. इथे तिच्या चुण्याच सांगतात की आत शरीर कसं उभं आहे. अंग झाकलेलं आहे, तरी काहीच लपलेलं नाही.

दुसरं रामकिंकर बैज यांचं ‘संथाळ कुटुंब’, शांतिनिकेतन, १९३८. सिमेंट आणि लाल मुरमाचे खडे, उघड्यावर, माणसाच्या मापापेक्षा मोठं. पुरुषाच्या खांद्यावर कावड, एका टोपलीत मूल. बाईच्या डोक्यावर ओझं, कडेवर दुसरं मूल. सोबत कुत्रा. घर बदलायला निघालेली माणसं. त्वचा खडबडीत, नाकडोळे जेमतेम. वर्गात एकाने विचारलंच, “हे अर्धवटच राहिलंय का?”

नाही. इथे शरीर कळतं ते ओझ्यावरून. कावड पेलायला खांदा कसा ताठ झालाय, डोक्यावरचा भार मानेतून पाठीत आणि पाठीतून पायात कसा उतरतो, ते बघा. टोपलीतलं मूलही इथे वजनच आहे. दुसऱ्या टोकाचं सामान त्याला तोलून धरतं. गुळगुळीत त्वचा दिली असती तर नजर तिच्यावरच अडकली असती. म्हात्रेंचा हात जास्त सफाईदार, हे मान्य. पण मला रामकिंकर मोठे वाटतात.

वजन शोधायची ही नजर आपल्याकडे आहेच खरं तर. क्रूसावरची मूर्ती आठवा: ताणलेले दंड, छातीवर झुकलेलं डोकं. तिथे आपण सौंदर्य मोजत नाही. आणि उधना स्टेशनावर नंदुरबार-जळगावकडची गाडी रिकामी होते तेव्हा हेच कुटुंब उतरतं: डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, पुढे बाप. आपण कॉलेजच्या घाईत त्यांना वळसा घालून जातो. शांतिनिकेतनात मात्र रामकिंकरांनी चौथरा उंच केला नाही. ही माणसं चालत्या वाटेवरचीच वाटतात, आणि बघणाऱ्याला त्यांच्या पायांशी उभं राहावं लागतं.