चारी उघडी आहे तोवर

बेटा, तुमच्या गल्लीत पाण्याच्या नव्या लाइनीसाठी चुन्याची आखणी झाली म्हणालीस. म्हणजे आता जेसीबी आलाच समज. भुयारी गटारीच्या वेळी तुमच्या धुळ्याच्या देवपुरातल्या रस्त्यांची काय गत झाली ते तू पाहिलंच आहेस. आम्ही जळगावकरांनी अमृत योजनेत पाण्याची खोदाईही सोसली आणि गटारीचीही. दिल्लीत योजना जाहीर झाली 2015 साली. आमच्या दारातली धूळ बसेपर्यंत मध्ये किती उन्हाळे गेले ते मोजायचं आम्ही सोडून दिलं.

चारी उघडी असते तोवर सगळं दिसतं आणि सगळं बदलता येतं. एकदा माती पडली की आपल्या हाती फक्त अर्ज उरतो. म्हणून जे करायचं ते आधी कर.

जेसीबी यायच्या आत तुझा जुना नळ मुख्य लाइनीपासून घरापर्यंत कुठून येतो ते शोधून ठेव. सासऱ्यांना विचार, त्यांनाच ठाऊक असणार. भिंतीवर त्या जागी रंगाने खूण कर आणि जेसीबीवाल्याला स्वतः दाखव. तो काही मुद्दाम पाइप तोडत नाही गं, त्याला जमिनीखालचं दिसत नाही एवढंच. बरेच जुने नळ गटारीच्या आतूनच आलेले असतात. तुमचाही तसाच असेल तर ही वेळ सोन्याची. नवी जोडणी गटारीच्या पाण्यात बुडणार नाही अशी वरून घ्यायला लाव. जुना नळ तसाच लोंबकळत सोडू देऊ नकोस, मुळाशी बंद करून टोपण बसवून घे. नाहीतर त्यात साचलेलं पाणी पुढे कोणत्या फटीतून कुठे शिरेल याचा नेम नाही.

जोड झाला की माती टाकायच्या आत मोबाइलवर फोटो काढ. फोटोत टेप दिसला पाहिजे, फाटकाच्या खांबापासून किती फुटांवर आणि किती खोल. रस्त्याखालच्या लाइनीवर मीटरभर माती असावी असा साधारण नियम आहे. दीड-दोन फुटांवरच पाइप टाकताना दिसले तर तिथल्या तिथे विचार. उद्या ट्रक गेला आणि पाइप फुटला तर त्यासाठी पुन्हा तुझ्याच दारात खोदतील.

विचारताना मात्र साऱ्या गल्लीने एकदम ओरडू नये. तुझ्या साक्रीकडच्या मामांना विचार, पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत शेतांना पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं असतं, जो तो उठून पाटाचं दार उघडत नाही. तसाच तुमच्या गल्लीतला एकच माणूस मुकादमाशी बोलू दे. घरी असणारा, शांत डोक्याचा. तक्रार लेखी करायची, आवकचा शिक्का मारलेली प्रत घरात ठेवायची. मजुरांना उन्हात थंड पाणी आणि चहा द्यायचा. काम चांगलं व्हावं म्हणून नाही, मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो म्हणून.

आता मातीचं. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि पावसात फुगते. चारीत तीच ढेकळं परत ढकलली तर पहिल्या पावसात रस्ता खचतो आणि रिक्षाचं चाक रुततं. मुरूम टाकून, पाणी मारून, थराथराने धुम्मस करायला सांगा. एवढं करूनही एक पावसाळा जाऊ दे, मगच दारापुढचा उतार नि ओटा पक्का कर. पावसात पाइपचं काम किती अवघड ते विश्वेश्वरय्यांनाही आपल्याच पांझरेनं शिकवलं होतं. 1884 साली नोकरीला लागलेला तो तरुण इंजिनिअर दातर्तीजवळ पाण्याची नळी नदीपार नेत होता. पूर आला तेव्हा पावसाळा संपेपर्यंत थांबू म्हणाला, वरच्या साहेबानं ऐकलं नाही. म्हणून तुमचा मुकादम जून लागताच गायब झाला तर फार शिव्या देऊ नका, फक्त चारी उघडी टाकून जाऊ देऊ नका.

पाणी साठवण्यात तू तरबेज आहेस, धुळ्याची सून आहेस. आमच्याकडे वाघूरचं पाणी दोन-तीन दिवसांनी येतं, तुमच्याकडे आठ-आठ दिवसांनी. खोदाईत त्यात आणखी भर पडेल असं धरून चाल. एक ड्रम जास्तीचा घे. पण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणजे तुमच्या पाण्याच्या फेरीएवढाच. अंडी पाण्याच्या वर ड्रमच्या कडेला चिकटतात आणि ड्रम वाळला तरी मरत नाहीत. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून ब्रशनं घासायचं. ड्रमवर जुन्या धोतराचं कापड ताणून बांधायचं.

नव्या लाइनीचं पहिलं पाणी गढूळ येणार. ते झाडांना आणि दारातल्या धुळीला. त्या दिवसांत फिल्टरच्या मशिनीत हे पाणी घालू नकोस, महागाची गाळणी गाळानं तुंबते. पिण्याचं पाणी आधी तुरटी फिरवून निवळू दे, वरचं नितळ काढून घे, मग त्यात मेडिक्लोर हे क्लोरीनचं औषध टाकून अर्धा तास थांब. गढूळ पाण्यात औषध नीट लागत नाही, म्हणून हा क्रम चुकवायचा नाही. लहान बाळ घरात असेल तर खळखळून उकळलेलंच दे. नळाच्या टोकाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरायला हवं. ते तपासायला आरोग्य खात्याचा माणूस ओटी टेस्ट करायला आला की त्याला दारातून परत पाठवू नकोस, पाणी पिवळसर झालं तर बरं.

आणि नळाला मोटर लावायची नाही. शेजारीण लावते म्हणूनही नाही. लाइन रिकामी असताना मोटर ओढते, आणि जिथे जोड सैल असेल तिथून गटारीचं पाणी आत येतं. ते तुझ्याच नाही, साऱ्या गल्लीच्या माठात जातं. शेजारणीशी भांडण होईल, होऊ दे.

बाकी बारीकसारीक. गाडी रोज रात्री चारीच्या पलीकडे ठेव. दारापुढे टाकायला जाड फळी आधीच आणून ठेव, म्हाताऱ्या माणसासाठी तिच्या कडेला दोरी बांध. गॅसची टाकी लवकर नोंदव. बिबडे आणि कुरडया गच्चीवर घालणार असशील तर खोदाई दुसऱ्या टोकाला असतानाच उरकून घे, वर पातळ साडी पांघर. दातांखाली खडा आलेला बिबडा पाहुण्यांना वाढता येत नाही.

शेवटचं, डांबर पडायच्या आधी दारापुढच्या उताराखालून एक चार इंची रिकामा पाइप आडवा टाकून ठेव, दोन्ही तोंडं बंद करून. उद्या इंटरनेटवाला येईल, परवा आणखी कुणी. त्यांना त्या पाइपातून जाऊ दे, उतार फोडू देऊ नकोस.